मागंपुढं कुणी

एसटी स्टँडामागच्या पिंपळाखाली आंधळा तायाप्पा भाकरी खात होता आणि तो नवा फिरस्ता त्याला अगदी खेटून बसला होता. पलीकडे फाटकी वाकळ शिवणाऱ्या हौसाक्काचा हात थांबला.

गेल्या महिन्यापासून स्टँडावर झोपणाऱ्या तिघांना कुणीतरी डोक्यात दगड घालून मारलं होतं. तिघांशीही हा फिरस्ता आदल्या दिवशी असाच गोडीगुलाबीनं बोलत बसला होता. हौसाक्कानं हवालदाराला सांगून पाहिलं, तर त्यानं तिलाच हुसकावून लावलं.

"बाबा, तुमचं मागंपुढं कुणी हाय का?" फिरस्त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई रं लेकरा," तायाप्पा म्हणाला.

सुई टाकून हौसाक्का उठली आणि तायाप्पाचा दंड धरून म्हणाली, "मी हाय की! भैन हाय मी ह्याची. माझी पोरं येत्यात आम्हाला न्यायला."

फिरस्त्यानं मान वर केली. तो रागावला नाही, घाबरलाही नाही. बराच वेळ तिच्याकडे निवांत बघत राहिला. मग बोचकं उचललं आणि पाटीसुद्धा न वाचता समोर लागलेल्या एसटीत चढला.

गाडी दिसेनाशी झाली तरी हौसाक्कानं तायाप्पाचा दंड सोडला नव्हता. तायाप्पानं तिचा हात झिडकारला.

"कशाला खोटं बोललीस? चांगलं माणूस घालवलंस. इतक्या वर्षांत कुणी जवळ आलं न्हाई माझ्या... आन् त्यो किती मायेनं डोकं चाचपत हुता माझं!"