चांदीचा नॉब

"माणसानं घट्ट बसवलेली वस्तू माणसाच्याच हातानं सुटली पाहिजे," असं गुरुराजनं सकाळी घोषित केलं. दुपारपर्यंत गाडीचा जुना गिअर नॉब तसूभर हलला नव्हता. गुरुराजच्या तळहाताची सालं तेवढी निघाली होती.

अधिक महिन्याचं वाण म्हणून सासऱ्यांनी जावयाला चांदीचा नॉब दिला होता, नवी पेठेतल्या सराफाकडून खास घडवून घेतलेला. आज ते मोहोळहून तो गाडीत बसवलेला बघायला येत होते. "आमचे जावई इंजिनिअर हायत" असं त्यांनी अख्ख्या मोहोळात सांगून ठेवलेलं.

"अहो, अप्पा स्टँडवरून रिक्षात बसले!" बायको शिवानी गॅलरीतून ओरडली. "मेकॅनिकला बोलवू का?"

"खबरदार! इज्जतीचा प्रश्न हाय."

गुरुराजनं नॉबला पकड लावली, सीटला पाय टेकला, सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि होती नव्हती ती ताकद लावून ओढलं. काडकन आवाज झाला. नॉब दांड्याला चिकटूनच होता. अख्खा दांडाच गाडीतून उपटून हातात आला होता.

फाटकाशी रिक्षा थांबली. सासरे उतरून गाडीपाशी आले. त्यांनी दांड्याकडं पाहिलं, मग जावयाकडं पाहिलं.

"मामा, ते जरा..." गुरुराजनं सुरुवात केली.

सासऱ्यांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. संपलं सगळं, गुरुराजला वाटलं.

"जावईबापू," सासरे तसेच पाठमोरे म्हणाले, "त्या दांड्यानं जरा पाठ खाजवा की. एसटीत घामोळ्यांनी लई जीव खाल्ला."