हाडवैद्याचा पंचा
तळेगावच्या बाजारात हाडवैद्य बसतो. बीपीवाल्याच्या मानेला पंचा गुंडाळायचा आन् कडकन झटका द्यायचा, ही त्याची विद्या. पंचा कधी धुतलेला न्हाई. माणसामाणसांच्या घामा-तेलानं काळाकुट्ट झालेला. आम्ही ऱ्हातो दौंडला, रेल्वेचा दवाखाना दारात, तरी आमचे हे त्याच्याकडं गेले. "मानेतली शीर मोकळी केली, आता गोळ्या बंद," त्यानं सांगितलं आन् ह्यांनी बीपीच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. महिन्याभरात डावं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. सासूबाईंनी मग त्यालाच घरी आणला. ह्यांची गळती लाळ त्यानं त्याच पंच्यानं पुसली आन् म्हणाला, "आता दुसऱ्या बाजूनं ओढतो." ह्यांनी चालत्या हातानं कॉलर खाली केली. पंचा हिसकावून मी चुलीत घातला. "सटवे, लेकाचं औषध जाळलंस!" सासूबाई किंचाळल्या. एवढ्या मानांचं तेल प्यालेला पंचा भडकन पेटला.