तोगाशीचं गाणं

"वाजवू नका हं. माझं लक्ष आहे तुमच्या बोटांकडे," मागच्या पायरीवरून किमिए म्हणाली.

"मी कशाला वाजवू? आणि त्या फितुरासाठी? शक्यच नाही!" शिगेमित्सुने ट्रम्पेट मांडीवर उपडा घातला.

फितूर म्हणजे तोगाशी. आठ वर्षं आपल्या पेलिकन्सकडून बेसबॉल खेळला आणि या उन्हाळ्यात खाडीपलीकडच्या हॉर्नेट्सकडे गेला. आता हंगामाचा शेवटचा सामना, शेवटचा डाव, हॉर्नेट्सचे दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना संपला. पेलिकन्स एका धावेने पुढे. हॉर्नेट्सचा एक गडी दुसऱ्या बेसवर उभा, आणि बॅट घेऊन आला नेमका तोगाशीच. एक होम रन, चेंडू थेट भिंतीपार, की अकरा वर्षांनी हाताशी आलेलं अजिंक्यपद गेलं.

"गेला कुठे बिचारा? आपल्या मालकांनी देऊन टाकला," किमिए म्हणाली.

"रडत होता का जाताना? नाही ना? मग झालं."

पेलिकन्सच्या प्रत्येक फलंदाजाला स्वतःचं गाणं होतं, आणि सगळी शिगेमित्सुने बांधलेली. तो ट्रम्पेटवर, बायको किमिए ढोलावर. गाणं वाजायचं ते फक्त आपल्या माणसाला. समोरचा संघ खेळायला आला की वाद्यं खाली. एकतीस वर्षांत शिगेमित्सुने हा नियम कधी मोडला नव्हता. तोगाशीचं गाणं त्याने आपल्या टोफूच्या दुकानात सोयाबीनचं दूध ढवळता ढवळता रचलं होतं. आठ दिवस गिऱ्हाइकांनी करपलेला टोफू मुकाट्याने खाल्ला, असं किमिए अजून ऐकवायची. आणि तोगाशी इतका उतावळा, की गाणं ऐकलं रे ऐकलं, पहिल्याच चेंडूला बॅट फिरवायचा.

हॉर्नेट्सनी त्याला अजून गाणं बांधलं नव्हतं. दोन महिने तो बाकावरच होता, आज पहिल्यांदा उतरला. समोरच्या बाजूने नुसत्या टाळ्या पडत होत्या, त्याही जेवून उठल्यासारख्या सुस्त. तोगाशीने एकदा इकडे बघितलं. मग मान खाली घालून उगाच बुटाने माती उकरत राहिला.

"बघ, कसा उभा आहे," शिगेमित्सु पुटपुटला. "पोरका मेला."

शिगेमित्सुच्या छातीत धडधडायला लागलं. धम् धम्, धम्. धम् धम्, धम्. ठेका ओळखीचा होता. त्याची बोटं हलली, ट्रम्पेट ओठाला लागला, आणि भर मैदानात तोगाशीचं गाणं घुमलं.

पाच हजार माना त्याच्याकडे वळल्या. "काका, वेड लागलं का?" कुणीतरी किंचाळलं. तोगाशी ताठ झाला. त्याने हेल्मेटला हात लावला, आणि पहिल्याच चेंडूला जीव खाऊन बॅट फिरवली.

चेंडू उंच गेला. लांब गेला. भिंतीपाशी पेलिकन्सच्या गड्याने पाठ टेकून उडी मारली आणि तो हातमोज्यात धरला.

जिंकले! वाद्यपथकाचा म्होरक्या बान्नो पायऱ्या उड्या मारत खाली आला आणि त्याने शिगेमित्सुला उचललंच. "काका, काय डोकं चालवलंत! गाणं वाजवून बरोबर फसवलंत त्याला!"

"मग! उगाच का एकतीस वर्षं इथे बसतोय?" शिगेमित्सु म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले.

गर्दी पांगल्यावर किमिए ढोलाला खोळ घालत होती. "फसवलंत म्हणे! चेंडू वर होता तेव्हा 'जा रे, जा रे' करत होतात. मागे ऐकू येत होतं मला."

शिगेमित्सुने इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल गं. काय करू, राहवलं नाही. छातीत धडधडायला लागलं, तेही त्याच्याच गाण्याच्या ठेक्यात."

"छातीत कसलं, कपाळ!" किमिए म्हणाली. "माझा ढोल होता तो."