झोपताना ऐकायचं

निपाणीत एकट्या राहणाऱ्या चंदनाआक्कांच्या हातातला मोबाईल काही सुटेना, म्हणून बेंगळूरूच्या लेकानं त्यांना बेळगावच्या संमोहनतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. घरी झोपताना ऐकायला बाईंनी स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मोबाईलवर दिलं: "चंदना, डोळे मीट. मोबाईल बाजूला ठेव."

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "रील्स बघणं थांबलं?"

"व्हय. व्हॉट्सॲपबी उघडत न्हाय."

"मग सुटला की मोबाईल!"

"न्हाय ओ. सकाळपास्नं तुमचंच रेकॉर्डिंग लावून बसते."

"दिवसभर? कशाला?"

आक्का जरा लाजल्या. "लेकरं आई म्हणत्यात, गल्ली आक्का म्हणती. ह्यांनीबी जाईस्तोवर 'अगं'च म्हटलं. माझी आई गेल्यापास्नं मला 'चंदना' म्हणणारं तेवढंच हाय."