पुलाच्या अलीकडे

डॅडींना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या, डॉक्टरच्या हाताखाली औषधं लिहून देणाऱ्या फिजिशियन असिस्टंट मार्लीसचा परवाना केंटकी राज्याचा. माझं घर नदीअलीकडे, इंडियानात. व्हिडिओ-तपासणीलाही रोगी ज्या राज्यात असेल तिथला परवाना लागतो. म्हणून दरवेळी मी त्यांना गाडीत घालून पुलापलीकडे न्यायची, पेट्रोलपंपावरून फोन लावायची. त्या सकाळी वेदनेने त्यांना कूसही बदलवेना. इकडच्या डॉक्टरची वेळ पुढच्या महिन्यातली. मी घरूनच फोन लावला. "वेंडेल, आत्ता कुठे आहात?" मार्लीसने नेहमीसारखं विचारलं. मी 'केंटकीत' म्हणणार, तोच डॅडी बोलले, "लेकीकडे, इंडियानात. ही खोटं बोलणार होती. तुझा परवाना गेला तर तुझ्या पोरांना काय मी जेवू घालू?" आता वेदनेचं औषध वाढवणं दूरच, कुठे दुखतंय हेही मार्लीसला विचारता येईना. "परसात टोमॅटो लागले का?" तिने विचारलं. डॅडींनी उशी आवळली. "लागलेत," म्हणाले, "खूप लागलेत."