भोंगा

पुरानंतर केंटकीतल्या आमच्या खोऱ्यातलं एकमेव किराणा दुकान पुन्हा उघडत होतं. अख्खं गाव दारात लोटलं होतं. दुकानदारीण ओपल फीत कापणार, तेवढ्यात बंबवाल्या डेलबर्टनं आनंदाच्या भरात भोंगा वाजवला. पुराच्या रात्रीही हाच भोंगा वाजलेला. हातातलं टाकून सगळे टेकडीकडे पळत सुटलो. "थांबा, मी मजेत वाजवला!" डेलबर्ट ओरडला. चढावर धापा टाकत मागे पाहिलं, तर पुरात बायको वाहून गेलेला व्हर्लिन दुकानासमोर एकटाच उभा होता. ओपल धावत उतरली, मागोमाग आम्ही. "बहिरा झालास? पळालास का नाही रे?" तिनं विचारलं. "ऐकू आलं ना," तो शांतपणे म्हणाला. "म्हटलं, आता तिच्याकडे जाऊ." ओपलनं त्याचा दंड धरला. "रोज सकाळी दुकान उघडायला माणूस हवाय," ती म्हणाली. "उद्या सातला ये."