चुन्याच्या रेघा

कंपवातानं आश्रुबाचे हात थरथरायचे आणि चालताना पाय मधेच जमिनीला चिकटायचे. डॉक्टरांनी दिलेल्या नव्या विलायती औषधानं हात जरा शांत झाले, पण पाय काही ऐकेनात. पुन्हा दाखवायला पूर्णेला न्यायचं म्हणून तानुबाईनं नवऱ्याला चुडाव्याच्या ठेसनात आणून बसवलं. ती पाणी घेऊन परत आली, तर आश्रुबा रुळांमधल्या आडव्या फळ्यांवरून झपाझप पूर्णेकडं निघालेला! तानुबाई मागं धावली.

"अवो, थांबा! गाडी यायलीय!"

"थांबलो की पाय चिकटतेत!"

तिनं दंडाला धरून त्याला कसंबसं बाजूला ओढलं.

पूर्णेला पोचल्यावर तिनं हे सांगितलं, तसे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "औषध चालू ठेवा. पण घरात त्या फळ्यांसारख्या चुन्याच्या रेघा मारा. एकेक ओलांडत चालू द्या."

तानुबाईनं खाटेपासून न्हाणीपर्यंत रेघा मारल्या, आणि आश्रुबा खरंच चालायला लागला. आठवड्यानं तो म्हणाला, "पारापर्यंतबी मार की. समदे गडी तितं पत्ते खेळायलेत."

"तीस वर्सांत पैल्यांदा घरी सापडलाव तुमी."

"तरीबी मार."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघा दाराबाहेर गेलेल्या दिसल्या. आश्रुबा हरखून निघाला. रेघा गोठ्याला वळसा घालून परसात वळल्या आणि मागच्या दारानं थेट चुलीपुढं येऊन संपल्या. तिथं तानुबाई दोघांचं ताट वाढून बसली होती.